लिनक्समधील नेटवर्क दोषनिवारण

लिनक्स कर्नेलवर चालणाऱ्या संगणकाची जाळ्याशी असलेली जोडणी तुटली, मंदावली किंवा मुळात झालीच नाही, तर त्याचे कारण शोधून ते दूर करण्याच्या पद्धतीला नेटवर्क दोषनिवारण म्हणतात. या शोधाची दोन क्षेत्रे आहेत. पहिले ड्रायव्हरचे, ड्रायव्हर म्हणजे नेटवर्क कार्ड आणि कर्नेल यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली. दुसरे संरचनेचे, संगणकाचा पत्ता, बाहेर जाण्याचा मार्ग आणि संकेतस्थळांची नावे कोणाला विचारायची याविषयीची माहिती तिच्यात येते. वापरकर्त्याला मात्र दोन्ही क्षेत्रांतील बिघाड एकाच रूपात दिसतो: ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. बिघाड जिथे दिसतो तिथे तो बहुधा नसतो, म्हणून तपासणी तळापासून वर, कार्डापासून नावापर्यंत, एकेक पायरी पक्की करत नेण्याचा प्रघात आहे.

या कामात एक पेच नेहमी आड येतो. हवा असलेला ड्रायव्हर किंवा फर्मवेअर उतरवून घ्यायला जाळे लागते, आणि जाळे मिळायला तोच ड्रायव्हर लागतो. अशा वेळी मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे हा बहुतेकदा सर्वांत सोपा उपाय ठरतो, कारण त्यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये असतात आणि त्यांना वेगळे फर्मवेअर लागत नाही.

पार्श्वभूमी

युनिक्स परंपरेतील नेटवर्क साधनांचा मोठा भाग १९८० च्या दशकात घडला. इंटरफेसला पत्ता देणारी 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा १९८३ मधील ४.२बीएसडी या आवृत्तीबरोबर आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक म्यूस यांनी 'पिंग' लिहिले. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी हे नाव घेतले होते. पॅकेटचा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवणारे 'ट्रेसरूट' हे व्हॅन जेकबसन यांचे, तर तारेवरून जाणारी पॅकेटे उघडून दाखवणारे 'टीसीपीडम्प' हे १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झाले.

लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले तेव्हा त्यात नेटवर्क नव्हते. पुढील काही वर्षांत इथरनेट कार्डांसाठी मोठ्या संख्येने ड्रायव्हर लिहिण्याचे काम डोनाल्ड बेकर यांनी केले. ते नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करत असत. १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी साध्या बाजारी संगणकांना इथरनेटने जोडून 'बेवुल्फ' हा समूहसंगणक उभा केला. स्वस्त कार्डे लिनक्सवर विश्वासाने चालणे ही त्या प्रयोगाची पूर्वअट होती. कालांतराने लिनक्सच्या नेटवर्क व्यवस्थेत आयएफकॉन्फिगला न झेपणाऱ्या अनेक सोयी आल्या आणि अलेक्से कुझनेत्सोव यांच्या 'आयपीरूट२' या संचातील 'आयपी' ही आज्ञा तिच्या जागी रूढ झाली. जुन्या पुस्तकांतील आज्ञा नव्या संगणकावर सापडत नाहीत याचे कारण हेच. अनेक वितरणांत जुना संच आता आपोआप बसवला जात नाही.

कार्ड आणि ड्रायव्हर

कर्नेलला कार्ड दिसते का, हा पहिला प्रश्न. 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' या आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देतात. यादीतील प्रत्येक उपकरणाला उत्पादक आणि प्रतिमान यांचे दोन षोडशमान क्रमांक असतात. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ हा तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा आहे. ड्रायव्हर शोधताना या क्रमांकांवर भरवसा ठेवावा, खोक्यावरील नावावर नव्हे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या यूएसबी वायफाय उपकरणांच्या आत वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळी चिप असल्याची उदाहरणे बरीच आहेत. काही यूएसबी उपकरणे तर जोडल्याबरोबर स्वतःला सीडी म्हणून सादर करतात. त्या कल्पित सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर असतो. लिनक्सवर 'यूएसबी-मोडस्विच' हे साधन त्यांना मूळ रूपात आणते.

एलएसपीसीआयला 'के' हा पर्याय दिला की उपकरणाखाली दोन ओळी येतात. एकीत सध्या वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव असते, तर दुसरीत त्या कार्डाला चालू शकणाऱ्या मॉड्यूलांची नावे. दुसरी ओळ आहे पण पहिली नाही, तर ड्रायव्हर उपलब्ध असूनही कार्डाला लागू झालेला नाही असा अर्थ होतो. कारण बहुधा कर्नेलच्या नोंदींत सापडते. या नोंदी 'डीमेसेज' ही आज्ञा दाखवते. नवख्या वापरकर्त्याने इतर काहीही करण्याआधी या नोंदी वाचाव्यात. फर्मवेअरची फाइल सापडली नाही, मॉड्यूलची सही अमान्य आहे, तार जोडलेली नाही, या गोष्टी तिथे बहुतेकदा स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या असतात.

कर्नेलच्या मूळ स्रोतात नसलेले, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा अन्य ठिकाणाहून घेतलेले ड्रायव्हर ही वेगळी डोकेदुखी आहे. असे मॉड्यूल एका विशिष्ट कर्नेलसाठी बांधलेले असते. कर्नेल अद्ययावत झाले की ते निरुपयोगी होते आणि काल चालणारे जाळे आज सकाळी चालत नाही. प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधण्याकरिता डेल कंपनीने 'डीकेएमएस' ही व्यवस्था तयार केली, पण नव्या कर्नेलच्या शीर्षक-फाइली बसवलेल्या नसतील तर तीही अडते. सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर सही नसलेले मॉड्यूल कर्नेल नाकारते. तेव्हा स्वतःची किल्ली नोंदवून मॉड्यूलवर सही करावी लागते. शिवाय दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगू शकतात. रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांसाठी कर्नेलमधील 'आर८१६९' आणि उत्पादकाचा 'आर८१६८' हे याचे परिचित उदाहरण. एक वापरायचा असेल तर दुसऱ्याला काळ्या यादीत टाकावे लागते, आणि वर्षभराने कर्नेलमधील ड्रायव्हर सुधारला तरी ती विस्मृतीत गेलेली काळी यादी त्याला अडवत राहते.

फर्मवेअरचा प्रश्न

आधुनिक कार्डाच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. पूर्वी ते कार्डावरील स्मृतीत कायमचे कोरलेले असे. खर्च वाचवण्यासाठी पुढे अनेक उत्पादकांनी ती स्मृती काढून टाकली, आणि संगणक सुरू होताना ड्रायव्हरने डिस्कवरून फर्मवेअर कार्डात भरायचे अशी रीत पडली. ड्रायव्हर मुक्तस्रोत असला तरी हे फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते. त्यामुळे ड्रायव्हर भरला गेला, कार्ड ओळखले गेले, तरी इंटरफेस उभा राहत नाही, अशी स्थिती उद्भवते. इंटेलच्या वायफाय कार्डांचा 'आयडब्ल्यूएलवायफाय' हा ड्रायव्हर अशा वेळी नेमकी कोणती फाइल हवी आहे ते नोंदींत सांगतो.

या प्रश्नाची सर्वांत कष्टाची बाजू ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपांबाबत दिसली. ॲपलच्या लॅपटॉपांत आणि पुष्कळ राउटरांत असलेल्या या चिपांची कागदपत्रे कंपनीने स्वयंसेवकांना दिली नाहीत. तेव्हा विकासकांनी दोन गट केले. एका गटाने बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. प्रताधिकाराच्या वादापासून दूर राहण्यासाठी ही भिंत होती. तयार झालेला ड्रायव्हर २००६ मध्ये २.६.१७ या कर्नेलमध्ये दाखल झाला आणि त्याचा वारस 'बी४३' या नावाने आला. तरीही फर्मवेअर वाटण्याची परवानगी नव्हतीच. वापरकर्त्याला एखादा बंदिस्त ड्रायव्हर मिळवून, 'एफडब्ल्यूकटर' या साधनाने त्यातून फर्मवेअर कापून काढून योग्य निर्देशिकेत ठेवावे लागे. विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवणारे 'एनडीआयएसरॅपर' हे त्या काळातील आणखी एक साधन. ते वापरणाऱ्यांची सोय होई, पण त्यात बिघाड झाल्यास आत काय चालले आहे हे कर्नेलच्या विकासकांनाही पाहता येत नसे. ॲथेरॉस कंपनीने २००८ मध्ये 'एटीएच९के' हा मुक्त ड्रायव्हर दिला, ज्याला डिस्कवरून फर्मवेअर भरावे लागत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपांसाठी मुक्तस्रोत ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

वितरणांपुढे यातून तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. डेबियनने फेब्रुवारी २०११ मधील सहाव्या आवृत्तीपासून अमुक्त फर्मवेअर कर्नेलमधून वेगळे केले. तत्त्वाला ते धरून होते, परंतु अधिकृत माध्यमावरून डेबियन बसवणाऱ्या असंख्य लोकांचे वायफाय त्यामुळे स्थापनेच्या वेळीच बंद राहू लागले. आवश्यक फर्मवेअर असलेली अनधिकृत प्रतिमा उपलब्ध होती, पण ती शोधायची असते हे आधी माहीत असणे भाग होते. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेऊन अधिकृत स्थापना माध्यमात असे फर्मवेअर समाविष्ट करण्याचा निर्णय केला. १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या बाराव्या आवृत्तीपासून तो अमलात आला.

इंटरफेसची नावे

पूर्वी पहिल्या इथरनेट कार्डाला 'इटीएच०', दुसऱ्याला 'इटीएच१' अशी नावे मिळत. कोणते कार्ड आधी सापडेल याची शाश्वती नसल्याने दोन कार्डांच्या संगणकावर ही नावे आपसांत बदलत, आणि भिंतीबाहेर लावायचे नियम आतल्या बाजूला लागू होण्याचा धोका असे. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली. 'ईएनपी३एस०' म्हणजे तिसऱ्या पीसीआय बसवरील शून्य क्रमांकाच्या खाचेतील इथरनेट कार्ड. ही नावे 'पूर्वानुमेय' म्हटली जातात, पण त्यांनाही मर्यादा आहे. नवी डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर बसचे क्रमांक सरकू शकतात. मग ईएनपी३एस० चे ईएनपी४एस० होते आणि जुन्या नावावर लिहिलेली संरचना कोणालाच लागू होत नाही. कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, फाइल ठीक, तरी जाळे नाही, अशा वेळी 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन आजचे नाव पाहावे.

पत्ता, मार्ग आणि नाव

इंटरफेस उभा असेल तर त्याला पत्ता मिळाला आहे का ते पाहतात. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा डीएचसीपी सेवकाकडून उत्तर आलेले नसते आणि संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतलेला असतो. पत्ता बरोबर असल्यास 'आयपी रूट' ही आज्ञा बाहेरचा मार्ग दाखवते. तार आणि वायफाय दोन्ही जोडलेले असताना दोन मूलभूत मार्ग असू शकतात; ज्याचे मेट्रिक कमी तो वापरला जातो. एखाद्या विशिष्ट पत्त्यासाठी कोणता मार्ग निवडला जाईल हे 'आयपी रूट गेट' थेट सांगते, त्यामुळे तर्क करत बसावे लागत नाही. डॉकर वापरणाऱ्या संगणकांवर एक वेगळा घोळ आढळतो. डॉकर आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी साधारणतः १७२.१७ ची श्रेणी घेते. कार्यालयाचे जाळेही त्याच श्रेणीत असेल, तर कार्यालयातील सेवकाकडे निघालेली पॅकेटे संगणकाबाहेर पडतच नाहीत.

यानंतर आधी गेटवेला आणि मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला पिंग करतात. उत्तर आले तर मार्ग खुला आहे. न आल्यास मात्र मार्ग बंद आहे असे सिद्ध होत नाही, कारण अनेक यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. अंकी पत्ता चालतो पण नाव चालत नाही, तर दोष नावांच्या भाषांतरात, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. 'इटीसी' निर्देशिकेतील 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल येथे पाहिली जाते. आजच्या अनेक वितरणांत तिच्यात १२७.०.०.५३ एवढेच लिहिलेले सापडते. हा पत्ता त्याच संगणकावर चालणाऱ्या सिस्टमडीच्या सेवेचा असून खरे सेवक 'रिझॉल्व्हसीटीएल' या आज्ञेने कळतात. 'डिग' ही आज्ञा थेट डीएनएस सेवकाला विचारते आणि 'होस्ट्स' फाइलकडे पाहत नाही. ब्राउझरादी आज्ञावल्यांचा मार्ग सामान्यतः वेगळा असतो. म्हणून डिगचे उत्तर बरोबर असूनही पान चुकीच्या यंत्रावर उघडत असेल, तर 'गेटएंट' या आज्ञेने पडताळावे.

संरचनेचे मालक अनेक असणे हा लिनक्सचा जुना दोष आहे. नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी, डेबियनची 'इंटरफेसेस' फाइल आणि उबुंटूचे नेटप्लॅन यांपैकी कोण अधिकारी आहे हे ठरवल्याशिवाय फाइली बदलणे व्यर्थ असते. डेबियनमध्ये इंटरफेसेस फाइलीत ज्या इंटरफेसचे नाव आहे त्याला नेटवर्कमॅनेजर सहसा हात लावत नाही. वापरकर्ता मात्र पडद्यावरील चिन्हावर टिचक्या मारत राहतो. आयपी आज्ञेने हाताने केलेले बदल संगणक पुन्हा सुरू झाल्यावर उरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते.

अर्धवट चालणारी जोडणी

पूर्ण बंद पडलेल्या जाळ्यापेक्षा अर्धवट चालणारे जाळे शोधकाला अधिक छळते. दूरच्या यंत्रावर प्रवेश होतो, पण मोठी यादी मागवली की पडदा गोठतो. काही संकेतस्थळे उघडतात, काही नाही. अशा वेळी पॅकेटच्या कमाल आकाराचा, म्हणजे एमटीयूचा संशय घ्यावा. इथरनेटवर हा आकार १५०० बाइट असतो, पण पीपीपीओई वापरणाऱ्या जोडणीत ८ बाइट वेष्टनात जाऊन १४९२ उरतात. वाटेतील राउटर मोठे पॅकेट नाकारतो आणि तसा निरोप परत पाठवतो. कोणी अतिदक्ष प्रशासकाने आयसीएमपी निरोप सरसकट अडवले असतील, तर तो निरोप पोहोचत नाही आणि पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा पाठवत राहतो. तपासण्यासाठी तुकडे करण्यास मनाई करून १४७२ बाइटांचा पिंग पाठवतात; त्यात २० बाइट आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे मिळून १५०० होतात. तो अडकला आणि १४६४ चा गेला, तर निदान जवळजवळ झालेच.

तारेचे दोषही असेच फसवे असतात. गिगाबिट इथरनेटला तारेच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी तुटलेली तार बंद न पडता मुकाट्याने दहापट मंद चालू शकते. 'इथटूल' ही आज्ञा प्रत्यक्ष ठरलेला वेग दाखवते, आणि तार बदलण्याआधी ड्रायव्हर बदलू पाहणाऱ्याचा पुष्कळ वेळ वाचवते.

बिनतारी जोडणीतील विशेष दोष

वायफाय कार्ड 'आरएफकिल' या व्यवस्थेमुळे बंद असू शकते. तिच्यात मऊ अडवणूक आज्ञेने उठवता येते. कठीण अडवणूक लॅपटॉपवरील कळीशी बांधलेली असते. ज्या लॅपटॉपला अशी कळच नाही, त्यावर एखादा ड्रायव्हर कठीण अडवणूक असल्याचे चुकीने सांगतो असेही घडले आहे. देशनिहाय नियमांमुळेही घोळ होतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १३ वाहिन्या वापरता येतात, पण देश माहीत नसताना कर्नेल सावधपणे सर्वसाधारण जागतिक नियम लावते आणि १२ व १३ या वाहिन्यांवर स्वतःहून प्रक्षेपण करत नाही. राउटर १३ वर असला, तर फोनला दिसणारे जाळे लॅपटॉपला दिसेनासे होऊ शकते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकावर विंडोजची जलद प्रारंभाची सोय कार्डाला अर्धनिद्रेत सोडून जाते. विंडोज पूर्ण बंद करणे हा त्यावरचा इलाज.

२००८ मधील ई१०००ई प्रकरण

ड्रायव्हरच्या दोषशोधाच्या इतिहासात इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरचे प्रकरण विशेष महत्त्वाचे मानावे लागते. २.६.२७ या कर्नेलच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांपैकी काहींची इथरनेट कार्डे २००८ च्या उत्तरार्धात अचानक मृत झाली. कार्डाची कायमस्वरूपी स्मृती पुसली गेली होती. तिच्यातच कार्डाचा मॅक पत्ता आणि चालण्यासाठी लागणाऱ्या नोंदी असतात. ड्रायव्हर त्यांची बेरीज तपासे, ती जुळत नसे आणि तो कार्ड नाकारे. संगणक पुन्हा सुरू करून किंवा जुने कर्नेल वापरूनही काही होत नसे, कारण हानी हार्डवेअरमध्ये झाली होती. अनेक मोठ्या वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांत हे कर्नेल पोहोचलेले होते.

साहजिकच संशय ड्रायव्हरवर गेला. त्याच्या संकेताची कसून तपासणी झाली आणि त्यातील काही खरे दोष दुरुस्तही झाले, पण मूळ कारण हाती लागेना. शेवटी इंटेलच्या विकासकांनी कार्डाच्या स्मृतीवर लेखनबंदी घातली आणि तेवढ्या संरक्षणासह ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ प्रसिद्ध झाले. अपराधी सापडला तो नेटवर्कशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी. कर्नेलमधील फंक्शनांचा माग ठेवणारी 'एफट्रेस' ही सोय त्याच आवृत्तीत नव्याने आली होती. ती फंक्शनांच्या आरंभीच्या जागा नोंदवून ठेवी आणि नंतर सवडीने त्या जागी बदल करी. मॉड्यूल भरताना फक्त एकदाच लागणारा भाग दरम्यान स्मृतीतून मोकळा केला जाई, आणि त्याच पत्त्यांवर ई१०००ई आपल्या कार्डाची फ्लॅश स्मृती जोडून घेई. एफट्रेस तिथे पोहोचे तेव्हा जुनी सामग्री जुळत नसल्याने तिने काही लिहू नये अशी योजना होती. परंतु वापरलेली तुलना-अदलाबदलीची सूचना जुळणी झाली नाही तरी लेखनाची क्रिया करतेच. साध्या स्मृतीत जुनेच मूल्य परत लिहिले गेल्याने बिघडत नाही. फ्लॅशवर मात्र तेच लेखन आज्ञा ठरू शकते. २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला आणि पुढे त्याची रचना बदलण्यात आली.

ड्रायव्हर आणि संशयित सोय यांचा स्रोत सर्वांना खुला होता, म्हणूनच वेगवेगळ्या कंपन्यांतील विकासकांना हा दोष महिन्याभराच्या आसपास उकलता आला, असे म्हणण्यास जागा आहे. बंदिस्त ड्रायव्हर असता तर स्मृतीवर लेखनबंदी घालण्याचा मधला उपायही केवळ उत्पादकाच्याच हाती राहिला असता.

इतर युनिक्ससदृश प्रणाली

फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी यांत आयएफकॉन्फिग हीच मुख्य आज्ञा आजही आहे आणि वायफायची कामेही तीच करते. तेथे इंटरफेसचे नाव ड्रायव्हरवरून पडते: इंटेलच्या अनेक कार्डांना 'ईएम०', रिअलटेकच्या कार्डांना 'आरई०'. नावावरूनच ड्रायव्हर कळत असल्याने तपासणीची एक पायरी वाचते; मात्र कार्ड बदलले की संरचनाही बदलावी लागते. फ्रीबीएसडीत 'पीसीआयकॉन्फ' या आज्ञेच्या यादीत उपकरणापुढे 'नन' हा शब्द दिसला, तर त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही असे समजावे. ओपनबीएसडी बंदिस्त ड्रायव्हर स्वीकारत नाही, पण काही कार्डांना लागणारे फर्मवेअर 'एफडब्ल्यू-अपडेट' या आज्ञेने जाळ्यावरून आणते. ज्या संगणकात असे वायफाय कार्ड हेच एकमेव साधन आहे, त्यावर ते फर्मवेअर दुसऱ्या संगणकावरून यूएसबी कांडीवर घेऊन यावे लागते.